भाऊसाहेब नेमके कोणाचे?

ग्रामपंचायतीच्या दारात एक प्रश्न ठरलेला असतो. ‘भाऊसाहेब आहेत का?’ नाशिक जिल्ह्यात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. उत्तरेही बहुतेक ठरलेली असतात. ‘पंचायत समितीत मीटिंगला गेलेत’, ‘आज दुसऱ्या गावाला आहेत’, नाहीतर ‘जुने गेले, नवे अजून हजर झाले नाहीत’. ऐकणाऱ्याला वाटते, माणूस कामचुकार असणार. कधी तसा तो असतोही. पण रिकाम्या खुर्चीची कारणे पुष्कळदा गावाबाहेर सापडतात. काही नाशिकला जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागात, काही विभागीय आयुक्तांकडे, काही मंत्रालयात आणि काही थेट सर्वोच्च न्यायालयात.

खासगी कारखान्यात मनुष्यबळ व्यवस्थापक जाहिरात देतो, मुलाखत घेतो, पगार ठरवतो, बढती देतो आणि नाही जमले तर माणूस बदलतो. जिल्हा परिषदेत या कामाच्या सर्वांत जवळचे पद उपमुख्य कार्यकारी अधिकारी (सामान्य प्रशासन) यांचे. कर्मचारी त्यांना ‘डेप्युटी सीईओ’ म्हणतात आणि त्यांच्या विभागाचे काम ‘आस्थापना’ या नावाने ओळखतात. भरती, बदली, बढती, चौकशी, निवृत्ती या सगळ्या फाइली त्यांच्या टेबलावरून जातात. मात्र त्यातला प्रत्येक मोठा निर्णय दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती असतो. जबाबदारी एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे अशी ही रचना नेमकी कशी चालते, हे या प्रकरणात निफाड तालुक्यातल्या विंचूरकडे पाहत समजून घेऊ.

१. एक गाव, अनेक मालक

विंचूर हे नाशिकहून येवल्यामार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार इथे आहे, त्यामुळे कांद्याचे लिलाव होतात. द्राक्षावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांसाठी औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेले वाइन पार्कही इथेच. अशा गावात राहणाऱ्यांच्या जोडीला रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांचीही मोठी भर असते. साहजिकच पाणी, कचरा, दाखले, नोंदी यांचा ताण लहान खेड्यापेक्षा वेगळा.

आता अशा गावात सरकारी काम करणारी माणसे मोजू. ग्रामसेवक आणि प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचे. उपकेंद्रातली परिचारिकाही सहसा जिल्हा परिषदेची. तलाठी महसूल खात्याचा. कृषी सहायक राज्याच्या कृषी विभागाचा. पोलीस पाटील मानधनावर, गृह विभागाच्या यंत्रणेत. अंगणवाडी सेविका मानधनावर, एकात्मिक बाल विकास योजनेत. आशा स्वयंसेविका कामागणिक मोबदल्यावर, राष्ट्रीय आरोग्य अभियानात. वायरमन महावितरणचा. पाणी सोडणारा आणि झाडलोट करणारा ग्रामपंचायतीचा. संगणक परिचालक कंपनीमार्फत नेमलेला.

गावकऱ्याच्या दृष्टीने हे सगळे ‘सरकार’. प्रत्यक्षात प्रत्येकाची रजा वेगळा साहेब मंजूर करतो आणि प्रत्येकाचा पगार वेगळ्या वाटेने येतो.

ग्रामसेवकाचेच घ्या. ग्रामपंचायतीचा तो सचिव. सरपंच लोकांनी निवडलेला आणि गावापुरता कारभारी. पण ग्रामसेवकाचा नेमणूक आदेश जिल्हा परिषदेचा, रजा गटविकास अधिकाऱ्याच्या अखत्यारीत आणि गोपनीय अहवाल पंचायत समितीत लिहिला जाणारा. कामाचा आदेश एकाकडून आणि कामाचे मूल्यमापन दुसऱ्याकडून, अशी त्याची नोकरी असते. दोघांचे पटत नसेल तर मधला माणूस कोणाचे ऐकणार, हा प्रश्न कोणत्याही नियमपुस्तकाने पुरता सोडवलेला नाही.

ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक कौंट्या आहेत. तिथे बहुतेक राज्यांत शेरीफ थेट निवडून येतो, पुष्कळ ठिकाणी कोषाध्यक्ष आणि नोंदणी अधिकारीही निवडून येतात. कौंटीचा मनुष्यबळ संचालक सगळ्यांच्या पगाराचे आणि नियमांचे बघतो, पण शेरीफने कोणाला डेप्युटी नेमावे यावर त्याचा शब्द शेवटचा नसतो. स्थानिक सरकार म्हटले की मालक अनेक, हे जवळपास सगळीकडचे चित्र आहे.

२. वतनापासून जाहिरातीपर्यंत

गावाच्या कामासाठी अर्ज मागवून माणूस नेमायचा, ही पद्धत तुलनेने नवीच आहे. विंचूर हे पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्याचे ठाणे. त्या काळात गावची कामे वतनावर चालत. पाटलाचा मुलगा पाटील, कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी. भरती, परीक्षा, ज्येष्ठता यादी यांपैकी कशाचीच गरज नव्हती. इंग्रजांनी १८७४ साली वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा करून याच व्यवस्थेला कागदी शिस्त लावली.

स्वातंत्र्यानंतर कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. त्याच सुमारास नवी व्यवस्था उभी राहत होती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ मध्ये महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. वर्ग १ आणि २ चे अधिकारी राज्य शासनाचे, तर वर्ग ३ आणि ४ चे कर्मचारी जिल्ह्याचे, अशी विभागणी तेव्हापासूनची आहे. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य सेवक, लिपिक, परिचर ही सगळी ‘जिल्हा सेवा’.

म्हणजे डेप्युटी सीईओ राज्याचे, काही वर्षांनी बदलून जाणारे. ज्यांचे ते प्रशासन करतात ते कर्मचारी मात्र बहुधा आयुष्यभर त्याच जिल्ह्यात राहणारे. कोणाची फाइल कुठे अडली आणि कोणाची सोय कुठे लागते, हे साहेबांपेक्षा वरिष्ठ लिपिकाला जास्त ठाऊक असते. त्यामुळे नव्या अधिकाऱ्याचे सुरुवातीचे बरेच दिवस माणसे ओळखण्यातच जातात.

३. एक खुर्ची रिकामी होते तेव्हा

जिल्हा परिषदेत ३१ मे हा निरोप समारंभांचा दिवस असतो. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. जन्मतारीख ठाऊक नसलेले पोर शाळेत आले की गुरुजी दाखल्यावर १ जून लिहून टाकत. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम. वर्ग ३ साठी निवृत्तीचे वय ५८, वर्ग ४ साठी ६०. म्हणून त्या पिढीचे गठ्ठ्याने कर्मचारी दरवर्षी ३१ मे रोजी बाहेर पडत आले. खुर्च्या एका दिवसात रिकाम्या होतात, भरायला मात्र वर्षे लागतात.

मधल्या काळात ‘अतिरिक्त कार्यभार’ हा एकच उपाय असतो. त्याचा हिशेब करून पाहू. समजा, एका ग्रामसेवकाकडे दोन गावे आहेत आणि आठवड्यात कामाचे पाच दिवस आहेत. एक दिवस तालुक्याच्या बैठकीत जातो. उरलेले चार दिवस वाटले तर एका गावाला दोन. तिसऱ्या गावाचा चार्ज आला की प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा दिवसाहून जरासा जास्त. कायद्याने वर्षातून चार ग्रामसभा घ्यायच्या असतात आणि त्या प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांभोवती येतात. तिन्ही गावांना सचिव लागतो, तोही त्याच सुमारास.

काम तरी किती? जन्म-मृत्यूची नोंद, विवाह नोंदणी, घरपट्टीचा नमुना ८, लेखा संहितेतले ३३ नमुने, रोजगार हमीची कामे, घरकुलांच्या याद्या. माहिती अधिकारात तोच जन माहिती अधिकारी. राज्याच्या नियमांनुसार गावपातळीवरचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तोच. नवी योजना आली की तिच्या शासन निर्णयात ‘ग्रामसेवकाने’ हा शब्द हमखास असतो. योजना आखणाऱ्या खात्याला या माणसाचा वेळ फुकट मिळतो. त्याच्या दिवसाचे एकूण तास किती, याचा हिशेब कोणत्याच खात्याकडे नसतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे एकच पद करण्याचा निर्णय घेतला. ग्रामसेवक संघटनेची ही जुनी मागणी. लहान गावाला ग्रामसेवक आणि मोठ्या गावाला ग्रामविकास अधिकारी ही पायरी त्यामुळे गेली आणि नेमणुका करताना थोडी मोकळीक आली. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आणि सुमारे पावणेचौदाशे ग्रामपंचायती आहेत. तेवढी माणसे भरल्याशिवाय पदाच्या नव्या नावाने गावाचा दिवस वाढत नाही.

४. भरती : साडेतीन वर्षे चाललेली जाहिरात

रिकामी पदे लगेच का भरत नाहीत? याचे उत्तर एका जाहिरातीच्या इतिहासात आहे.

मार्च २०१९ मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांनी १३,५२१ पदांची जाहिरात काढली. लाखो तरुणांनी शुल्क भरून अर्ज केले. आधी परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेचा घोळ झाला. मग कोरोना आला आणि ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने नव्या भरतीवर बंदी आली. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, ५ मे २०२१ रोजी ते रद्द ठरवले. प्रत्येक वेळी पदांची विभागणी नव्याने करणे आले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये ती जाहिरातच रद्द झाली आणि शुल्क परत करण्याचे काम जिल्हा परिषदांच्या गळ्यात पडले.

ऑगस्ट २०२३ मध्ये नव्याने जाहिरात निघाली. ३४ जिल्हा परिषदांत मिळून १९,४६० पदे, त्यांतली नाशिकची १,०३८. परीक्षेचे काम आयबीपीएस या संस्थेकडे गेले आणि ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने पेपर झाले.

या सगळ्या प्रवासात जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने काय ठरवले? परीक्षा कधी, कोणती कंपनी, कोणता अभ्यासक्रम, हे मुंबईत ठरले. आरक्षण किती, हे विधिमंडळात आणि न्यायालयात ठरले. जिल्ह्याने रिक्त पदांचा तक्ता दिला, निकालानंतर कागदपत्रे तपासली आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहीने आदेश काढले. तरीही उमेदवार चौकशीला येतो तो जिल्हा परिषदेच्याच दारात.

दरम्यान पर्यायी वाटाही शोधल्या गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत मनुष्यबळ घेण्यासाठी नऊ कंपन्या निवडण्याचा शासन निर्णय आला. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी रान उठवले आणि दोन महिन्यांच्या आत तो मागे घेतला गेला. शिक्षक कमी पडतात म्हणून जुलै २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपये मानधनावर परत बोलावण्याची सोय झाली. गुरुजी वर्गावर आले हे खरे, पण डी.एड. करून बसलेला तरुण त्यावर का चिडला, हेही समजण्यासारखे आहे.

५. बिंदुनामावली म्हणजे काय?

भरतीच्या बातमीत ‘बिंदुनामावली तपासणी बाकी’ असे वाक्य नेहमी येते. हा प्रकार किचकट वाटतो, पण एसटीच्या बसमधून प्रवास केलेल्या कोणालाही तो कळेल. एसटीत काही आसनांवर ‘महिलांसाठी राखीव’, ‘दिव्यांगांसाठी राखीव’ असे लिहिलेले असते. आरक्षण त्या आसन क्रमांकाला असते. राखीव आसनावरचा प्रवासी उतरला, तर ते आसन त्याच गटातल्या पुढच्या प्रवाशाचे.

नोकरीतले बिंदू असेच असतात. संवर्गातल्या प्रत्येक पदाला क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला प्रवर्ग. आर. के. सभरवाल विरुद्ध पंजाब या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हेच सूत्र पक्के केले. आरक्षण रिक्त जागांवर मोजायचे नाही, एकूण पदांवर मोजायचे.

उदाहरण घेऊ. एका संवर्गात २०० पदे आहेत. अनुसूचित जातींना १३ टक्के म्हणजे २६ पदे, अनुसूचित जमातींना ७ टक्के म्हणजे १४. आज जमातीचे ११ कर्मचारी कामावर आहेत. या वर्षी दहा जण निवृत्त झाले, त्यांत जमातीचा एकही नाही. तरी नव्या दहा जागांत जमातीच्या तीन जागा काढाव्या लागतील, कारण १४ पैकी तीन आसने आधीपासून रिकामी आहेत. उरलेल्या सात जागाही बाकीच्या प्रवर्गांचा असाच हिशेब करून वाटायच्या. त्यात महिला, माजी सैनिक, खेळाडू, दिव्यांग, प्रकल्पग्रस्त यांचे आडवे आरक्षण आले.

हे सगळे कर्मचाऱ्याच्या जातपडताळणीसह नोंदवहीत उतरवायचे आणि विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्गीय कक्षाकडून तपासून घ्यायचे. तिथला शिक्का उमटल्याशिवाय जाहिरात निघत नाही. आरक्षणाचा कायदा बदलला की नामावली पुन्हा पहिल्यापासून मांडायची. नाशिकसारख्या आदिवासी लोकसंख्या मोठी असलेल्या जिल्ह्यांची बिंदूंची मांडणी आणखी वेगळी असते.

६. सुरगाणा आणि निफाड, जिल्हा परिषद एकच

निफाड हा बागायती तालुका. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गुजरातच्या सीमेवर सुरगाणा. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे तिथे अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा लागू आहे. अशा भागातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्य सेवक यांच्यासह १७ संवर्गांची पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरावीत, अशी राज्यपालांची अधिसूचना ऑगस्ट २०१९ मध्ये निघाली. हेतू सरळ होता. बाहेरचा माणूस दुर्गम पाड्यावर टिकत नाही आणि त्याला तिथली बोली येत नाही.

पण एप्रिल २०२० मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित क्षेत्रातले शिक्षकांचे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवले. महाराष्ट्रातल्या अधिसूचनेलाही आव्हान मिळाले आणि पेसा क्षेत्रातल्या नेमणुका अडकल्या. परीक्षा दिलेले आदिवासी तरुण २०२४ च्या पावसाळ्यात नाशिकमध्ये उपोषणाला बसले, माजी आमदार जे. पी. गावित त्यांच्यासोबत होते. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी दिंडोरीचे आमदार आणि विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काही आदिवासी आमदारांसह मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. त्यानंतर अडकलेल्या उमेदवारांना न्यायालयाच्या निकालाच्या अधीन राहून मानधनावर नेमण्याची वाट निघाली.

आस्थापना विभागासाठी याचा अर्थ असा, की एकाच परीक्षेला बसलेले दोन उमेदवार, एक नियमित वेतनश्रेणीवर आणि दुसरा मानधनावर, एकाच जिल्ह्यात एकच काम करू लागले.

७. बदली : संगणक आला तरी माणूस तोच

मे महिना आला की जिल्हा परिषदेत दुसरा विषय नसतो. शिक्षकांच्या बदल्या पूर्वी जिल्ह्यातच ठरत, त्यामुळे पदाधिकाऱ्यांच्या दारी रांगा लागत. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने त्या ऑनलाइन झाल्या. ७ एप्रिल २०२१ आणि पुन्हा १८ जून २०२४ रोजी धोरण बदलले, गाभा मात्र तोच राहिला. गावांची ‘अवघड’ आणि ‘सर्वसाधारण’ अशी विभागणी. गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा अशांचा विशेष संवर्ग पहिला. पती-पत्नी ३० किलोमीटरपेक्षा लांब असतील तर त्यांचे एकत्रीकरण दुसरे. अवघड भागात सेवा केलेल्यांचा हक्क तिसरा. मग उरलेले.

वशिला कमी झाला, पण गाऱ्हाणी नव्या जागी सरकली. आता भांडण गाव अवघड की सोपे यावर होते. रस्ता डांबरी झाला म्हणून गाव यादीतून वगळले, तर तिथल्या गुरुजींचा हक्क जातो. कोणाचे दुखणे खरे, कोणाचे प्रमाणपत्र खोटे, हे पाहणे आले. अनेक जिल्हा परिषदांना दिव्यांग प्रमाणपत्रांची फेरपडताळणी करावी लागली. संगणकाला नियम कळतो, प्रमाणपत्रामागचे सत्य शोधायला अखेर अधिकारीच लागतो.

शिवाय मुख्यालयी राहण्याचा वाद आहेच. घरभाडे भत्ता घ्यायचा तर कर्मचाऱ्याने नेमणुकीच्या गावी राहावे आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडावा, अशी अपेक्षा. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये हा मुद्दा विधानसभेत मांडला, तेव्हा राज्यभरचे शिक्षक रस्त्यावर उतरले. गावात भाड्याने घर मिळत नाही, जोडीदाराची नोकरी दुसरीकडे, मुलांची शाळा शहरात, ही एक बाजू. संध्याकाळनंतर गावात एकही सरकारी माणूस नसतो, ही दुसरी. दोन्ही बाजू खऱ्या असल्याने केवळ परिपत्रकाने हा प्रश्न मिटत नाही.

८. कर्मचारी म्हणायचे नाही, काम मात्र थांबायचे नाही

गावातल्या कामाचा सर्वांत नाजूक भाग मानधनावरच्या बायकांच्या खांद्यावर आहे. अंगणवाडी सेविका पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी आणि बालशिक्षण बघते. आशा गरोदर बाईला दवाखान्यापर्यंत पोहोचवते. दोघींचे काम जिल्हा परिषदेच्या खात्यांमार्फत चालते, पण नियमित कर्मचारी म्हणून दोघींचीही गणना नाही.

४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि हा संप पन्नासहून अधिक दिवस चालला. आशांनीही त्याच काळात काम बंद केले. पुढे दोघींच्या मोबदल्यात वाढ झाली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्याच्या खटल्यात अंगणवाडी सेविकांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचे सांगितले होते. मानधन हे वेतन नव्हे, हा युक्तिवाद तिथे टिकला नाही.

अधिकाऱ्यापुढची पंचाईत अशी, की नोटीस बजावायची तर सेवानियम कोणते लावायचे? समजूत घालायची तर द्यायला हातात काय आहे? मानधनाचा आकडा दिल्ली आणि मुंबई मिळून ठरवतात.

संगणक परिचालकांची कथा याहून गुंतागुंतीची. ग्रामपंचायतीने ‘आपले सरकार सेवा केंद्रा’साठी वित्त आयोगाच्या निधीतून दरमहा १२,३३१ रुपये द्यायचे आणि परिचालकाच्या हाती पडायचे ६,९३०, असे बराच काळ चालले. मधली रक्कम साहित्य आणि व्यवस्थेवर. गाव पूर्ण पैसे मोजायचे, माणूस जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्तीवर राबायचा आणि तक्रार ऐकायला समोर असायचा तो ग्रामसेवक.

९. पाणी सोडणाऱ्याचा पगार

आता खुद्द ग्रामपंचायतीच्या माणसांकडे येऊ. त्यांची नेमणूक गावच करते. वरून हा भाग सोपा वाटतो, हिशेबाला बसले की अडचण कळते.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च आस्थापनेवर करू नये, अशी मर्यादा आहे. समजा, गावाचे वर्षाचे उत्पन्न २० लाख. मर्यादा झाली ७ लाख. एका कर्मचाऱ्याला दरमहा १२,००० धरले तर वर्षाचे १ लाख ४४ हजार. चौघांचे ५ लाख ७६ हजार. पाचवा घेतला की ७ लाख २० हजार, म्हणजे मर्यादा ओलांडली. राज्याचा वाटा क्षणभर बाजूला ठेवला, तर हे गाव चौघांवरच भागवणार. दोघे पाण्यावर, एक झाडलोटीला, एक वसुलीला.

किमान वेतनात राज्य शासन हिस्सा देते, पण तो मंजूर आकृतिबंधातल्या, म्हणजे ठरवून दिलेल्या पदांपुरता. २०२० पासून त्याला करवसुलीची अटही जोडली गेली. घरपट्टी थकली की अनुदानाला कात्री. घरपट्टी लोकांनी भरली नाही आणि पगार पाणी सोडणाऱ्याचा कापला गेला, असा त्याचा अर्थ होतो. म्हणूनच ही अट काढा ही ग्रामपंचायत कर्मचारी संघटनांची ठळक मागणी आहे. जिल्हा परिषदेच्या वर्ग ३ आणि ४ मधल्या दहा टक्के जागा या कर्मचाऱ्यांतून भरण्याची तरतूद आहे, पण जिल्हा परिषदेची भरतीच थांबली की तीही वाट बंद.

संयुक्त योजनेत प्रश्न आणखी वाढतो. नांदूर मधमेश्वर धरणातून पाणी उचलणारी लासलगाव-विंचूरसह सोळागाव योजना हे त्याचे जवळचे उदाहरण. एका योजनेचे पाणी सोळा गावांना जाते. पंप चालवणारा माणूस साऱ्यांसाठी राबतो, त्याच्या पगाराचा आणि वीजबिलाचा वाटा मात्र सोळा ठिकाणच्या वसुलीतून उभा करावा लागतो. एका गावाने हात आखडता घेतला तरी बाकीच्यांचे पाणी अडचणीत येते.

१०. शिक्षा करायची म्हटले तर

‘काम करत नाही ना, मग काढून टाका,’ असे कोणीही सहज म्हणतो. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यासाठी शिस्त व अपील नियम १९६४ चे आहेत. आधी कारणे दाखवा नोटीस. मग दोषारोपपत्र, जोडपत्र १ ते ४ सह. मग चौकशी अधिकारी, साक्षीपुरावा, अहवाल, पुन्हा म्हणणे आणि शेवटी शिक्षा. सौम्य शिक्षा म्हणजे ठपका किंवा वेतनवाढ रोखणे. जबर शिक्षेत पदावनती, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी. शेवटच्या दोहोंतला फरक असा, की बडतर्फ झालेल्याला पुढे सरकारी नोकरीची दारे सहसा बंद होतात.

निलंबन ही शिक्षा नव्हे. चौकशीत अडथळा येऊ नये म्हणून कर्मचाऱ्याला कामापासून दूर ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. या काळात त्याला पहिले तीन महिने साधारण निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो, पुढे तो वाढू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी खटल्यात सांगितले, की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे ओढू नये. कागद तयार करणारा लिपिक तीन टेबलांचा चार्ज सांभाळत असेल तर ही मुदत सहज निघून जाते. मग माणूस परत कामावर आणि तक्रारदार गाव चकित. तो निलंबित असेपर्यंत त्याचे पद मोकळे धरता येत नाही, त्यामुळे शेजारच्या ग्रामसेवकाच्या वाट्याला आणखी एक गाव येते.

११. अधिकाऱ्याच्या हातात उरते काय?

इतके सगळे बाहेर ठरत असले तरी थोडी जागा जिल्ह्याकडे उरते आणि ती कमी नाही.

पहिली म्हणजे ज्येष्ठता यादी. १ जानेवारीच्या स्थितीनुसार ती वेळेवर लागली, हरकती निकाली निघाल्या, तर बढतीच्या बैठका वेळेवर होतात आणि वरची खुर्ची भरली की खालची मोकळी होते. यादी लटकली तर सगळी साखळी थांबते. बढतीला जागाच नसेल तर १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरच्या श्रेणीचा पगार देणारी आश्वासित प्रगती योजना आहे. खुर्ची तीच राहते, निदान पगार वाढतो. तिचे प्रस्ताव वेळेत काढणे पूर्णपणे जिल्ह्याच्या हाती.

दुसरी म्हणजे समुपदेशनाने बदली. सभागृहात पडद्यावर रिक्त गावांची यादी लावायची, ज्येष्ठतेने एकेकाला बोलवायचे आणि त्याने सर्वांदेखत गाव निवडायचे. शिक्षक वगळता इतर संवर्गांसाठी ही पद्धत रुळली आहे. आधीच्याने कोणते गाव घेतले, हे मागच्याला डोळ्यांनी दिसते, त्यामुळे तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

तिसरी म्हणजे सेवापुस्तक. वेतननिश्चिती, रजा, नावातला बदल, वारसाचे नाव यांच्या नोंदी वर्षाच्या वर्षाला झाल्या तर निवृत्तीच्या वेळी फाइल अडत नाही. राहिल्या तर निवृत्त माणूस पेन्शन अदालतीत उभा राहतो. सेवेत असताना कोणी दगावला तर अनुकंपा यादीत त्याच्या घरच्याचे नाव लागण्यासाठीही हेच पुस्तक उघडावे लागते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना सहसा जुनी पेन्शन नाही. ती मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये सात दिवसांचा राज्यव्यापी संप झाला आणि जिल्हा परिषदांची कार्यालये ओस पडली. त्या मागणीवर जिल्हा काही करू शकत नव्हता. नव्या पेन्शन योजनेतल्या कपातीचा हिशेब प्रत्येकाच्या खात्यावर वेळच्या वेळी लावणे मात्र त्याच्याच टेबलावरचे काम होते.

नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. सभागृहातले सदस्य नसले की बदल्यांत रदबदली करणारे कमी होतात, तसेच गावात शिक्षक का नाही हे भर सभेत विचारणारेही कमी होतात. तो प्रश्न मग ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारला जातो, आणि शिक्षकाची नेमणूक त्याच्या अखत्यारीत कधीच नव्हती.

या साऱ्या माणसांचा पगार ज्या पैशातून निघतो, त्याचा राज्याच्या तिजोरीपासून विंचूरच्या घरपट्टीपर्यंतचा प्रवास पुढच्या प्रकरणात पाहू.